काळाचं वर्तुळ : तापमान असलेली क्वांटम फील्ड थिअरी शिकायची कशी

क्वांटम फील्ड थिअरीचा पहिला कोर्स पूर्ण झाला की हातात जे यंत्र येतं, ते रिकाम्या पोकळीसाठी बनवलेलं असतं. दोन कण दुरून येतात, एकमेकांवर आदळतात, काही कण बाहेर पडतात आणि आपण त्या टकरीची संभाव्यता काढतो. आजूबाजूला काहीही नसतं. पण महास्फोटानंतरच्या पहिल्या क्षणांतलं विश्व, जड अणुकेंद्रकांच्या टकरीतून तयार होणारा क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा किंवा धातूतले इलेक्ट्रॉन यांपैकी काहीच रिकामं नाही. तिथे प्रत्येक कण गर्दीतून वाट काढत असतो आणि त्या गर्दीला तापमान असतं. हे तापमान फील्ड थिअरीत कसं आणायचं, तेच इथे क्रमाने मांडतो आहे.

या विषयातलं जवळजवळ सगळं एकाच गोष्टीतून निघतं, असं माझं ठाम मत आहे : तापमान असलं की काल्पनिक काळ सरळ रेषा राहत नाही, तो १/टी परिघाचं वर्तुळ होतो (टी म्हणजे तापमान). या वर्तुळाचे परिणाम नीट पचले तर पुढची अवघड वाटणारी प्रकरणं आपोआप उलगडतात. ते न पचवता थेट गेज थिअरीत उडी घेतली, तर सूत्रं पाठ होतात पण हातात काही राहत नाही.

आधी काय येत असावं

चार गोष्टी पुरतात. सांख्यिकी भौतिकीतलं पार्टिशन फंक्शन आणि बोस-आइनस्टाइन व फर्मी-डिरॅक वितरणं. एका कणाच्या क्वांटम मेकॅनिक्समधलं पाथ इंटिग्रल. फाय-चार थिअरीतल्या एका लूपच्या आकृत्या आणि वस्तुमानाचं रिनॉर्मलायझेशन. चौथी गोष्ट म्हणजे संमिश्र चलांमधला रेसिड्यू थिअरम, आणि त्यात हात साफ हवा, कारण तो रोज लागणार आहे. नॉन-अबेलियन गेज थिअरी सुरुवातीला येत नसली तरी चालेल.

आणखी एक व्यावहारिक सूचना. वहीच्या पहिल्या पानावर तुमची संकेतपद्धती लिहून ठेवा : मेट्रिकची चिन्हं कोणती, युक्लिडियन कृतीचं चिन्ह काय आणि कपलिंग कसं लिहिलं आहे. फाय-चार पद कुणी लॅम्डा/४! ने लिहितं, कुणी लॅम्डा/४ ने. पहिल्या पद्धतीत औष्णिक वस्तुमानाचा वर्ग लॅम्डा टी²/२४ येतो, दुसरीत लॅम्डा टी²/४. दोन्ही बरोबर आहेत, पण दोन पुस्तकं एकत्र वाचताना हा सहापटीचा फरक संध्याकाळभर छळतो. या लेखात सगळीकडे लॅम्डा/४! धरलं आहे, आणि एच-बार, प्रकाशाचा वेग व बोल्ट्झमन स्थिरांक १ मानले आहेत. बीटा म्हणजे १/टी.

पहिली पायरी : ट्रेस घेतला की काळ वळतो

पार्टिशन फंक्शन म्हणजे ई^(−बीटा एच) या ऑपरेटरचा ट्रेस, जिथे एच म्हणजे हॅमिल्टोनियन, ऊर्जेचा ऑपरेटर. काळात पुढे नेणारा ऑपरेटर असतो ई^(−आय एच टाइम). दोन्ही शेजारी शेजारी लिहून पाहा. टाइमच्या जागी −आय बीटा घातला की दुसऱ्याचा पहिला होतो. म्हणजे तापमान असलेली प्रणाली ही काल्पनिक काळात बीटाइतकी पुढे गेलेली प्रणाली आहे. उरला ट्रेस. ट्रेस म्हणजे ज्या अवस्थेतून निघालो त्याच अवस्थेत परत यायचं आणि अशा सगळ्या अवस्थांची बेरीज करायची. पाथ इंटिग्रलच्या भाषेत याचा अर्थ एवढाच की काल्पनिक काळ शून्य असताना फील्डची जी किंमत, तीच तो बीटा असताना. काळाची दोन टोकं जोडली गेली आणि वर्तुळ तयार झालं.

या वर्तुळाचा परिघ प्रत्यक्षात किती, हे एकदा आकड्यांत काढा. एच-बार आणि बोल्ट्झमन स्थिरांक परत घालून ३०० केल्विनला तो सुमारे २५ फेम्टोसेकंद येतो. क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा जिथे आकाराला येतो ते तापमान सुमारे १५५ एमईव्ही, म्हणजे अंदाजे १.८ लाख कोटी केल्विन. तिथे तोच परिघ लांबीच्या एककात जेमतेम १.३ फेम्टोमीटर भरतो. प्रोटॉनची त्रिज्या सुमारे ०.८४ फेम्टोमीटर आहे. म्हणजे वर्तुळ प्रोटॉनच्याच मापाचं झालं, आणि अशा ठिकाणी हॅड्रॉन, म्हणजे क्वार्कांपासून बनलेले प्रोटॉनसारखे कण, स्वतंत्र कण म्हणून टिकत नाहीत यात नवल नाही.

फर्मिऑनांसाठी एक बदल होतो : एक फेरी पूर्ण झाल्यावर फील्डचं चिन्ह उलटं होतं. हे नियम म्हणून पाठ करू नका, सिद्ध करा. दोन बिंदूंचं कोरिलेशन फंक्शन घ्या, ट्रेसमधला शेवटचा ऑपरेटर फिरवून पुढे आणा आणि मग काळाच्या क्रमाने लावा. बोसॉन असतील तर काहीच बदलत नाही. फर्मिऑन असतील तर क्रम लावताना एक उणे चिन्ह येतं. सगळी सिद्धता अर्ध्या पानात बसते. पडताळा हवा असेल तर ओमेगा ऊर्जेच्या एकाच फर्मिऑन पातळीचं पार्टिशन फंक्शन काढा. उत्तर १ + ई^(−बीटा ओमेगा) यायला हवं. चुकून आवर्ती अट लावली तर अधिकाच्या जागी वजा येतं.

दुसरी पायरी : हार्मोनिक ऑसिलेटर, पण पूर्ण

इथे घाई करू नका. फील्ड म्हणजे प्रत्येक संवेगासाठी एक ऑसिलेटर, त्यामुळे एक ऑसिलेटर पूर्ण समजला तर मुक्त फील्डचं बहुतेक काम झालं.

वर्तुळावरच्या फंक्शनचं फूरिए विघटन केलं की वारंवारता सुट्या सुट्या होतात : ओमेगा-एन = २ पाय एन टी, एन = ०, ±१, ±२ वगैरे. यांनाच मात्सुबारा वारंवारता म्हणतात, ताकेओ मात्सुबारांच्या १९५५ सालच्या कामावरून. फर्मिऑनांसाठी चिन्ह उलटत असल्यामुळे त्या (२एन + १) पाय टी होतात. फर्मिऑनांमध्ये शून्य वारंवारता कधीच येत नाही. हे आत्ताच अधोरेखित करून ठेवा, पुढे फार लागणार आहे.

आता पार्टिशन फंक्शन म्हणजे सगळ्या वारंवारतांचा गुणाकार. एन = ० चा वाटा १/(बीटा ओमेगा) येतो. बाकीच्यांचा वाटा म्हणजे १ + (बीटा ओमेगा / २ पाय एन)² या घटकांच्या अनंत गुणाकाराचा व्यस्त. ऑयलरचं साइन-हायपरबोलिकचं गुणाकार-सूत्र वापरलं की सगळं मिळून १ / [२ सिन्ह(बीटा ओमेगा/२)] होतं. हेच उत्तर ऊर्जापातळ्यांची भूमितीश्रेणी बेरजून येतं. मधे एक अनंत स्थिरांक लागतो, तो पाथ इंटिग्रलच्या मेझरमधून ठरतो. त्यात ऑसिलेटरची वारंवारता येत नाही, पण तापमान येतं, म्हणून त्याच्याकडे डोळेझाक करू नका.

आता खरी मजा पाहा. तापमान खूप वाढवलं तर पार्टिशन फंक्शन टी/ओमेगा होतं, म्हणजे अभिजात भौतिकीचं उत्तर. आणि हे अख्खं उत्तर एकट्या एन = ० च्या पदातून येतं. बाकीची सगळी पदं क्वांटम दुरुस्त्या आहेत. शून्य मोड (एन = ० चं पद) म्हणजे अभिजात भौतिकी, हा धडा इथे एका ओळीत मिळतो, आणि पुढची सगळी मोठी संकटं याच मोडमधून येतात.

तिसरी पायरी : मात्सुबारा बेरजा

लूप आकृतीत जिथे ऊर्जेवरचं इंटिग्रल असतं, तिथे आता टी गुणिले एन वरची बेरीज येते. बाकी फाइनमनचे नियम तेच. सर्वांत मूलभूत बेरीज अशी : टी × (सर्व एन साठी) १/(ओमेगा-एन² + ई²) ची बेरीज, जिथे ई म्हणजे कणाची ऊर्जा. पद्धत ठरलेली आहे. मात्सुबारा वारंवारतांवर पोल असलेलं फंक्शन, म्हणजे बोस वितरण, इंटिग्रलमध्ये घाला, बेरजेचं कंटूर इंटिग्रल करा, कंटूर फुगवा आणि मूळ फंक्शनच्या पोलवरचे रेसिड्यू गोळा करा. उत्तर येतं :

(१/२ई) × [१ + २ एन-बी(ई)], जिथे एन-बी(ई) = १/(ई^(बीटा ई) − १).

फर्मिऑनांसाठी तेच, फक्त अधिक २ एन-बी च्या जागी उणे २ एन-एफ.

या कंसातल्या १ कडे आणि दुसऱ्या पदाकडे वेगवेगळं बघा. १ हे पोकळीचं उत्तर आहे, कोर्समध्ये शिकलात तेच. दुसरं पद तापमानामुळे आलं आहे आणि मोठ्या ऊर्जेला ते घातांकी वेगाने मरतं. म्हणून तापमानामुळे नवीन अल्ट्राव्हायोलेट डायव्हर्जन्स येत नाहीत. शून्य तापमानाला केलेलं रिनॉर्मलायझेशन जसंच्या तसं पुरतं. भौतिक कारणही सरळ आहे : अगदी लहान अंतरावरून पाहणाऱ्याला काळ वर्तुळ आहे की रेषा, हे कळत नाही.

ही बेरीज एकदा संगणकावर करून पाहा, पाच ओळींचा प्रोग्राम पुरतो. ई = टी = १ घ्या. बंद सूत्राने उत्तर १.०८२ येतं : ०.५ पोकळीचे आणि ०.५८२ उष्णतेचे. बेरजेत एकटा एन = ० चा वाटा १ आहे. एन ±१० पर्यंत गेलात की १.०७७, ±१०० पर्यंत गेलात की १.०८१५. म्हणजे ऊर्जा आणि तापमान सारखे असतानासुद्धा नव्वद टक्क्यांहून अधिक उत्तर शून्य मोड देतो, आणि उरलेली शेपूट १/एन ने हळूहळू आटते. हे आकडे स्वतःच्या पडद्यावर बघितल्यावर त्या मोडचं वजन जसं जाणवतं, तसं सूत्र वाचून जाणवत नाही.

चौथी पायरी : मुक्त वायूचा दाब

प्रत्येक संवेगासाठी एक ऑसिलेटर, सगळ्यांचे लॉगरिदम बेरजा, पोकळीची ऊर्जा वजा करा. वस्तुमान नसलेल्या एका बोसॉनचा दाब पाय² टी⁴/९० येतो. वाटेत एक्स³/(ई^एक्स − १) चं शून्य ते अनंत इंटिग्रल लागतं, ते पाय⁴/१५ आहे. फोटॉनला दोन ध्रुवीकरणं, म्हणून दुप्पट. फर्मिऑनांना प्रत्येक अवस्थेमागे ७/८ चा गुणक.

एवढ्यावरच बरंच काही काढता येतं. तीन प्रकारचे हलके क्वार्क आणि ग्लुऑन असलेल्या प्लाझ्मात परिणामी अवस्थांची संख्या १६ + (७/८) × ३६, म्हणजे ४७.५. त्याखालच्या तापमानाच्या पायॉन वायूत ती फक्त ३. हॅड्रॉन वितळतात तेव्हा दाब आणि ऊर्जाघनता झपाट्याने का वाढतात, त्याचं ढोबळ उत्तर या दोन आकड्यांत आहे. संपूर्ण स्टँडर्ड मॉडेलसाठी हीच मोजणी करा : बोसॉनांच्या २८, फर्मिऑनांच्या ९०, ७/८ चा गुणक धरून एकूण १०६.७५. विश्वरचनाशास्त्रात सतत भेटणारा हा आकडा एकदा स्वतः मोजून मिळवलेला बरा.

पाचवी पायरी : औष्णिक वस्तुमान

आता परस्परक्रिया सुरू करू. वस्तुमान नसलेली फाय-चार थिअरी घ्या आणि एका लूपची सेल्फ-एनर्जी काढा : लॅम्डा/२ गुणिले मघाची बेरीज, संवेगावर इंटिग्रेट केलेली. पोकळीचा भाग रिनॉर्मलायझेशनमध्ये जातो. उरलेल्या भागाचं इंटिग्रल टी²/१२ येतं. म्हणून

एम² = लॅम्डा टी²/२४.

मुळात वस्तुमान नसलेल्या कणाला गर्दीत वस्तुमान मिळालं. मात्र हे वस्तुमान लॅग्रांजियनमध्ये हाताने घातलेलं नाही, माध्यमाने दिलेलं आहे. तापमान शून्यावर आणा, ते नाहीसं होतं.

सहावी पायरी : शून्य मोड आणि बिघडलेली श्रेणी

माझ्या मते हा विषयाचा गाभा आहे. जितका वेळ द्याल तितका थोडा.

पुढच्या क्रमाला जा. एका मोठ्या लूपवर पी ठिकाणी मघाची सेल्फ-एनर्जी टोचलेली आकृती काढा. तिला रिंग आकृती म्हणतात, काही जण डेझी म्हणतात. तिच्यात मात्सुबारा वारंवारता शून्य नसेल तर सगळं ठीक आहे, कारण भाजकात किमान (२ पाय टी)² आहे आणि इंटिग्रल सुरक्षित राहतं. पण एन = ० असेल तर प्रत्येक प्रोपगेटर १/के² होतो (के म्हणजे संवेग) आणि आपल्या हातात तीन मितींतलं (एम²/के²)^पी चं इंटिग्रल उरतं. दोन किंवा अधिक टोचण्या असल्या की ते लहान के ला फुटतं. टोचण्या जितक्या जास्त, स्फोट तितका मोठा. म्हणजे लॅम्डाचा घात वाढतो तसं पद लहान व्हायला हवं, ते इथे अनंत होतं आहे.

उपाय असा की या सगळ्या रिंग आधी बेरजायच्या आणि मग इंटिग्रल करायचं. बेरीज केली की १/के² च्या जागी १/(के² + एम²) येतं, म्हणजे शून्य मोडला औष्णिक वस्तुमान आधीच दिल्यासारखं होतं, आणि उत्तर सांत निघतं. पण त्याची किंमत मोजावी लागते. दाबाची श्रेणी अशी होते :

पाय² टी⁴/९० − लॅम्डा टी⁴/११५२ + (१/१२ पाय)(लॅम्डा/२४)^(३/२) टी⁴ + …

तिसऱ्या पदात लॅम्डाचा घात दीड आहे. साध्या परटर्बेशन श्रेणीत असा घात येऊच शकत नाही. अनंत आकृत्या एकत्र बेरजल्याची ती खूण आहे. हे पद स्वतः काढल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन.

आकड्यांत किती फरक पडतो ते पाहा. औष्णिक वस्तुमानाची पुढची दुरुस्ती एम² = (लॅम्डा टी²/२४) × [१ − ३एम/(पाय टी) + …] अशी येते. लॅम्डा = १ घ्या. पोकळीत अशा थिअरीचा विस्तार साधारण लॅम्डा/१६ पाय² च्या घातांत चालतो, म्हणजे ०.६ टक्क्यांच्या पावलांनी, अगदी निर्धास्त. इथे मात्र एम/टी सुमारे ०.२ आहे आणि पहिलीच दुरुस्ती १९ ते २० टक्के भरते. तेच कपलिंग, तीच थिअरी, फक्त तापमान आलं. विस्ताराचा खरा मापदंड लॅम्डा न राहता त्याचं वर्गमूळ झाला. कारण मऊ बोसॉनांच्या अवस्थांमध्ये गर्दी प्रचंड असते : लहान ऊर्जेला एन-बी म्हणजे टी/ई. गर्दी जितकी दाट, परस्परक्रिया तितकी प्रभावी.

फर्मिऑनांना शून्य मोड नसल्यामुळे ते असा त्रास थेट कधीच देत नाहीत.

सातवी पायरी : तुटलेली सममिती परत येते

वस्तुमानाचं पद ऋण घ्या, −म्यू². शून्य तापमानाला सममिती तुटलेली असते. आता औष्णिक वस्तुमान मिळवा : −म्यू² + लॅम्डा टी²/२४. तापमान पुरेसं वाढलं की हे धन होतं आणि सममिती परत येते. क्रांतिक तापमानाचा वर्ग २४ म्यू²/लॅम्डा. किर्झनित्स आणि लिंडे यांनी ही कल्पना १९७२ मध्ये मांडली. १९७४ मध्ये वाइनबर्ग यांनी, आणि स्वतंत्रपणे डोलन व जॅकिव यांनी तिचं पद्धतशीर गणित केलं.

एका सापळ्याबद्दल सावध करतो. एका लूपचं इफेक्टिव पोटेन्शियल आलेखावर काढलं की क्रांतिक तापमानाजवळ घन पदामुळे छोटासा उंचवटा दिसतो आणि फेज बदल पहिल्या प्रतीचा वाटतो. एका घटकाच्या फाय-चार थिअरीत तो खरं तर दुसऱ्या प्रतीचा, आयसिंग वर्गातला आहे. क्रांतिक तापमानाजवळ एम शून्याकडे जातो आणि मघाची लहान संवेगाची (इन्फ्रारेड) सगळी संकटं परत येतात, म्हणून नेमकं तिथेच परटर्बेशन थिअरीवर विश्वास ठेवता येत नाही. इलेक्ट्रोवीक बदलाची गोष्टही अशीच आहे. हिग्ज एका सीमेपेक्षा जड असेल तर तिथे खरा फेज बदलच होत नाही, नुसता सलग क्रॉसओव्हर होतो, हे १९९६ मध्ये कायांटी, लाइने, रुमुकाइनेन आणि शापोश्निकोव यांनी लॅटिसवर, म्हणजे जाळ्याच्या बिंदूंवर फील्ड मांडून केलेल्या संगणकी गणितात, दाखवलं. २०१२ मध्ये हिग्ज सापडला तो १२५ जीईव्हीचा, त्या सीमेच्या बराच वर. स्टँडर्ड मॉडेलमध्ये हा क्रॉसओव्हर सुमारे १६० जीईव्ही तापमानाला होतो.

आठवी पायरी : खऱ्या काळात परतणं

वर्तुळावर दाब, एन्ट्रॉपी, स्क्रीनिंगची लांबी अशा स्थिर गोष्टी मिळतात. कण किती वेगाने विरतो, प्लाझ्मा किती फोटॉन सोडतो, त्याची स्निग्धता किती, या प्रश्नांना खरा काळ लागतो. दोन वाटा आहेत.

पहिली अॅनॅलिटिक कंटिन्युएशनची : आय ओमेगा-एन च्या जागी ओमेगा + आय ईटा घालायचं. यातून रिटार्डेड फंक्शन मिळतं. पण एक क्रम पाळावा लागतो. दोन प्रोपगेटरांची बेरीज केली की उत्तरात बाहेरच्या वारंवारतेचा ई^(आय बीटा न्यू) असा घटक डोकावतो. न्यू ही बोसॉनची मात्सुबारा वारंवारता असल्यामुळे तो १ आहे, आणि तो १ आहे हे आधी वापरायचं, नंतरच कंटिन्युएशन करायचं. उलट क्रमाने केलं तर अनंताला वेडंवाकडं वाढणारं चुकीचं फंक्शन हाती येतं. योग्य वाढीची अट घातली की कंटिन्युएशन एकमेव असतं, हे बेम आणि मर्मिन यांनी १९६१ मध्ये दाखवलं. एवढं मात्र लक्षात ठेवा की हे सूत्र हातात असताना चालतं. लॅटिसवरच्या मोजक्या आणि गोंगाट असलेल्या बिंदूंवरून कंटिन्युएशन करणं अत्यंत नाजूक काम आहे.

दुसरी वाट श्विंगर-केल्डिश कंटूरची : काळात पुढे जायचं, मागे यायचं आणि शेवटी काल्पनिक दिशेला बीटाइतकं उतरायचं. फील्ड दुप्पट होतात, प्रोपगेटर दोन बाय दोनचा मॅट्रिक्स होतो. समतोल नसलेल्या प्रणालींसाठी हीच वाट लागते. तिथे सुरुवातीच्या समतोलाची ती उतरणारी फांदी नसते, तिच्या जागी सुरुवातीचं घनता मॅट्रिक्स येतं. समतोलात असताना मॅट्रिक्सचे घटक एकमेकांशी केएमएस अटीने बांधलेले असतात. कुबो (१९५७) आणि मार्टिन-श्विंगर (१९५९) यांच्या नावाची ही अट पहिल्या पायरीतल्या वर्तुळाचंच खऱ्या काळातलं रूप आहे.

माझा सल्ला : आधी पहिली वाट, एका लूपचं एक उदाहरण पूर्ण. त्यात एन-बी(ई१) − एन-बी(ई२) असलेली पदं दिसतील, ज्यांच्या भाजकात दोन ऊर्जांची वजाबाकी असते. शून्य तापमानाला ती नसतात. त्यांचा अर्थ असा की येणारा कण माध्यमातल्या कणाने शोषला जातो. हेच लँडाउ डॅम्पिंग.

नववी पायरी : गेज फील्ड

आता कुठे गेज थिअरीला हात घाला. पहिला सराव मुक्त फोटॉन वायूचा दाब. कोव्हेरियंट गेजमध्ये वेक्टर फील्डचे चार घटक चार अवस्थांचा दाब देतात आणि घोस्ट फील्ड (गेज ठरवताना येणारी, खरे कण नसलेली साहाय्यक फील्ड) त्यातून दोन वजा करतात. पोकळीतल्या क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्समध्ये घोस्ट विसरले तरी चालतात, इथे विसरलात तर दाब दुप्पट येतो. आणि घोस्ट प्रतिक्रमविनिमयी असूनही त्यांची सीमा-अट बोसॉनांसारखी आवर्ती असते. नाहीतर वजाबाकी जुळणार नाही.

दुसरा सराव फोटॉनची सेल्फ-एनर्जी. वारंवारता शून्य ठेवून संवेग शून्याकडे नेला तर काळाच्या घटकाला ई² टी²/३ मिळतं, इथे ई म्हणजे विद्युतभार. हा डिबाय वस्तुमानाचा वर्ग. विद्युतक्षेत्र माध्यमात झाकलं जातं ते यामुळे. उलट, संवेग शून्य ठेवून पाहिलं तर ई² टी²/९ या वर्गाची प्लाझ्मा वारंवारता मिळते. दोन मर्यादांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, कारण मधे लँडाउ डॅम्पिंगचा कट आहे. क्वांटम क्रोमोडायनॅमिक्समध्ये तेच डिबाय वस्तुमान जी² टी² × (एन-सी/३ + एन-एफ/६) होतं (जी हे कपलिंग, एन-सी रंगांची संख्या आणि एन-एफ इथे फर्मी वितरण नसून क्वार्कच्या प्रकारांची संख्या), कारण ग्लुऑन स्वतःही झाकणीत भाग घेतात.

इथून तीन मोजपट्ट्या डोक्यात पक्क्या करा. पाय टी : बहुतेक कणांची ऊर्जा. जी टी : विद्युत झाकणीची आणि सामूहिक लहरींची. जी² टी : चुंबकीय ग्लुऑनांची. दुसऱ्या पट्टीवर लूपची दुरुस्ती मूळ पदाइतकीच मोठी असते, म्हणून ती आधी बेरजावी लागते. १९८० च्या दशकात ग्लुऑनच्या डॅम्पिंगचं उत्तर निवडलेल्या गेजप्रमाणे चिन्हासकट बदलत होतं. ब्राटेन आणि पिसार्स्की यांनी १९९० मध्ये हार्ड थर्मल लूपची पद्धत मांडली आणि तो गोंधळ मिटला.

तिसऱ्या पट्टीवर मात्र आकृत्या हरतात. चुंबकीय शून्य मोडला एका लूपला वस्तुमान मिळतच नाही. उरते ती तीन मितींतली यांग-मिल्स थिअरी, जिचं कपलिंग जी² टी स्वतःच वस्तुमानाच्या एककात आहे, म्हणून विस्तार करायला लहान संख्याच उरत नाही. लिंडे यांनी १९८० मध्ये दाखवलं की दाबाच्या जी⁶ पदाला एका विशिष्ट लूपपासून पुढच्या सगळ्या आकृत्या सारखाच हातभार लावतात. तिथे कपलिंग कितीही लहान केलं तरी कागद-पेन पुरत नाही. तो भाग तीन मितींतल्या लॅटिसवरून घ्यावा लागतो.

सराव कसा लावावा

पहिल्या तीन पायऱ्या सलग करा, मधे खंड पडू देऊ नका. चौथी एका बैठकीत होते. सहाव्या पायरीला पाचवीच्या दुप्पट वेळ द्या. रासायनिक विभव म्यू हवं असेल तर मात्सुबारा वारंवारतेत काल्पनिक पद आय म्यू (चिन्ह संकेतपद्धतीप्रमाणे) मिळवून तिसरी पायरी पुन्हा करा. सूत्रं सहज निघतात, पण युक्लिडियन कृती संमिश्र होते आणि त्यामुळे लॅटिसवर दाट द्रव्याचं गणित अडतं.

प्रत्येक उत्तराला तीन चाळण्या लावा. तापमान शून्याकडे नेलं की पोकळीचं उत्तर येतं का? तापमान खूप वाढवलं की एकटा शून्य मोड अभिजात उत्तर देतो का? आणि टी च्या घातांचं एकक जुळतं का? तिन्ही पाहिल्याशिवाय पुढच्या पानावर जाऊ नका.

पुढची वाट आवडीप्रमाणे. विश्वरचनेची ओढ असेल तर सातव्या पायरीवरून बुडबुड्यांच्या निर्मितीकडे आणि बॅरिऑन निर्मितीकडे जा. जड आयनांच्या टकरींत रस असेल तर आठवीवरून स्पेक्ट्रल फंक्शन आणि कुबो सूत्रांकडे. घन पदार्थांची आवड असेल तर तिसरीवरूनच वळता येतं, कारण मात्सुबारा बेरजा तिथे रोजच्या वापरातल्या आहेत. आणि ज्याला गणितच खुणावतं त्याने फाय-चार थिअरीतून शून्य मोड वेगळा काढून त्याची तीन मितींतली प्रभावी थिअरी लिहावी. तिचं वस्तुमान आणि कपलिंग चार मितींच्या थिअरीशी एका लूपपर्यंत जुळवावं, आणि दाबातलं ते दीड घाताचं पद या नव्या वाटेने पुन्हा काढावं. सहाव्या पायरीत अनंत आकृत्या बेरजून जे मिळालं, ते इथे तीन मितींतल्या एकाच लूपमधून दोन ओळींत पडतं.